अ‍ॅम्बॅसडरचा डेल्को बदलताना

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, चारही प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग. पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात डेल्को म्हटलं की काम भागतं. मी लिहितोय ते १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाबद्दल. इसुझूच्या १८०० इंजिनवाल्यांनी यातलं काही आपल्या गाडीवर करू नये.

बदलायचा कधी? कॅप काढून आतला रोटर, म्हणजे शाफ्टच्या टोकावर फिरणारा तुकडा, चिमटीत धरून आडवा हलवा. शाफ्ट खडखडला तर त्याला धरणारं बुश गेलं. मग पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) कितीही घासा, प्रत्येक सिलिंडरला गॅप वेगळाच मिळणार. रविवारी जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारा डेल्कोही घेण्याआधी असाच हलवून बघा.

आता मुख्य काम. “काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, तसाच परत बसवा” हा सल्ला मला दहा जणांनी दिलाय. मध्ये इंजिन जरा जरी फिरलं तरी त्या फोटोची किंमत शून्य. फोटोऐवजी इंजिन पहिल्या सिलिंडरच्या फायरिंगवर आणून ठेवा. पहिला म्हणजे रेडिएटरकडचा.

माझी फजिती इथेच झाली होती. क्रँकच्या दोन फेऱ्यांत डेल्कोची एक होते, त्यामुळे पुलीवरची खाच टायमिंग कव्हरच्या टोकासमोर दोनदा येते: एकदा कॉम्प्रेशन संपताना, एकदा एक्झॉस्ट संपताना. पुलीकडे बघून फरक कळत नाही. मी खाच जुळवली, नवा डेल्को बसवला, रोटरचं तोंड कॅपमधल्या ज्या खांबाकडे होतं तो पहिला समजून चारही वायरी नव्याने लावल्या. तो खांब चौथ्याचा होता. स्टार्टर मारताच कार्बोरेटरमधून असा बार उडाला की पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या. रात्री दहापर्यंत मी कार्बोरेटर खोलत बसलो, आणि बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

तेव्हा चारही प्लग काढा. पहिल्याच्या भोकात कागदाचा बोळा सैलसर खोचा आणि कुणाला तरी हँडल फिरवायला सांगा. बोळा फट्‌कन उडाला की कॉम्प्रेशन आलं, तिथून हळूहळू खुणेवर या. खात्री हवी असेल तर टॅपेट कव्हर उघडा: पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह सैल आणि चौथ्याचे एक मिटतोय, एक उघडतोय, असं दिसलं पाहिजे.

बॅटरीची अर्थ वायर, कॅप, कॉइलची वायर, व्हॅक्यूमची नळी सोडवा. डेल्कोच्या गळ्याला आवळणारा बोल्ट नंतर हाताळायचा. आधी प्लेट ब्लॉकला धरणारे दोन बोल्ट काढा, म्हणजे सगळं एकत्र वर येईल.

नवा आत जाताना शाफ्टची जीभ खाचेत बसली पाहिजे. ती मध्यापासून जरा एका बाजूला असते, म्हणून एकाच पद्धतीने बसते. बसेना तर रोटर फिरवत राहा. हातोडी लांब ठेवा.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, लावण्याआधी पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी करून घ्या. आधी टायमिंग आणि मग गॅप, असं करणारा मेकॅनिक दिसला तर गाडी परत न्या, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतंच.

आता पुली मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशांवर आणा, आणि ती नेहमी पुढेच फिरवत आणा. खूण ओलांडली तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाहीतर टायमिंग चेनचा ढिलेपणा तुम्हाला फसवतो. १२ व्होल्टचा छोटा बल्ब घ्या. एक टोक डेल्कोच्या कॉइलकडच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. कॉइलची आणि बॅटरीची अर्थ वायर परत जोडा, इग्निशन चालू. गळ्याचा बोल्ट सैल करून डेल्को डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवा, बल्ब विझेल. मग अगदी सावकाश उजवीकडे. बल्ब पेटला त्या क्षणी थांबा, बोल्ट आवळा. आवळताना डेल्को केसभर सरकतोच, म्हणून पुली थोडी मागे नेऊन पुन्हा पुढे आणा आणि बल्ब खुणेवरच पेटतो का पाहा. माझं हे क्वचितच पहिल्या फटक्यात जमतं.

प्लग लावा. वायरी रोटरच्या दिशेने, घड्याळाच्या उलट: १-३-४-२.

गाडी गरम झाली की जुन्या कात्रज घाटात तिसऱ्या गिअरवर चढवा. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर टायमिंग जास्त पुढे आहे, डेल्को किंचित डावीकडे घ्या. आवाज नाही, पण गाडी म्हशीसारखी रेंगाळत चढते? मग किंचित उजवीकडे. दोन्ही वेळा किंचित म्हणजे नखाएवढं.