मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना मदत कशी मागावी: एका रफाराच्या निमित्ताने

ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी उबुंटू ही मुक्त यंत्रणा आहे, त्यात कागदपत्रं तयार करायचं लिबरऑफिस आहे. सोयाबीनच्या नुकसानीची यादी भिंतीवर लावायची आहे आणि मथळा छापून येतो ‘शेतकर्यांची यादी’. य च्या डोक्यावर रफार! हवं होतं ‘शेतकऱ्यांची’, म्हणजे य ला डावीकडून चिकटलेली छोटी आडवी रेघ. तालुक्याला विचारलं तर ‘विंडोज टाका’ हे उत्तर ठरलेलं. लिबरऑफिस घडवणारी आणि रोज वापरणारी माणसं मात्र इंटरनेटवर अशा प्रश्नांना फुकट उत्तरं देतात. अट एकच, प्रश्न उत्तर देण्याजोगा हवा.

मोटर बिघडली की मेकॅनिकला फोनवर नुसतं ‘मोटर बंद आहे भाऊ’ म्हटलं तर तो काय करणार? ‘स्टार्टर उचलतो, दोन मिनिटांत ट्रिप होतो, तिन्ही फेज आहेत’ म्हटलं की तो येतानाच लागणारं सामान घेऊन निघतो. इथं तर मेकॅनिक येणारच नाही. तो परदेशात असेल, त्याला मराठी वाचता येत नसेल. म्हणून तुमचा बिघाड त्याच्या मशीनवर घडेल, एवढी सोय तुम्हालाच करून द्यावी लागते.

आधी बिघाड छोटा करा

चारशे नावांची यादी बाजूला ठेवा. नवी कोरी फाईल उघडून तो एकच शब्द टाइप करा. तिथं बरोबर आला तर दोष जुन्या फाईलमध्ये आहे. तिथंही चुकला तर फॉन्ट बदला, लोहित देवनागरी आणि नोटो सान्स देवनागरी, दोन्ही लावून पाहा. मग हेल्प मेनूतून ‘रिस्टार्ट इन सेफ मोड’ करा, म्हणजे तुमच्या सेटिंग आणि एक्स्टेन्शन यांचा संबंध आहे का ते कळतं. शेवटी पीडीएफ काढा. पडद्यावर आणि पीडीएफमध्ये नीट आणि कागदावरच वेडंवाकडं असेल, तर प्रिंटरकडे वळा. लिबरऑफिसवाल्यांना त्यात काही करता येणार नाही.

मराठीच्या बाबतीत आणखी एक तपासणी आहे आणि ती फार थोडे लोक करतात. रायटरमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या मजकूर लिहायच्या भागात, फक्त ‘र्यां’ एवढं निवडा आणि ऑल्ट धरून एक्स दाबा. अक्षराच्या जागी युनिकोडचे, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर ज्यानं ओळखतो ते, क्रमांक येतील, पुन्हा दाबलं की अक्षर परत. साखळीत सुरुवातीला ०९३० दिसला, लगेच ०९४डी आणि ०९२एफ, तर तो साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि य आहे. त्याचा रफारच होणार, सॉफ्टवेअर बरोबर वागतंय. आडवी रेघ हवी तर सुरुवातीला ०९३१, म्हणजे नुक्त्याचा ऱ लागतो, किंवा र-हलन्तानंतर २००डी हे न दिसणारं जोडचिन्ह लागतं. काही प्रोग्राम अशी न दिसणारी चिन्हं गुपचूप पुसतात, आणि मग आधी नीट असलेली यादी इकडून तिकडे नेताना बिघडते. बरेच प्रश्न इथंच सुटतात, विचारायची वेळच येत नाही. क्रमांक बरोबर असूनही रफारच दिसत असेल, तर मात्र तुमच्या हाती विचारण्याजोगा प्रश्न आहे.

कोणती माहिती द्यायची

‘लेटेस्ट व्हर्जन आहे’ असं लिहू नका. लिबरऑफिसच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात आणि उबुंटू २२.०४ सोबत येणारी ७.३ कधीच मागे पडली आहे. ‘अबाउट लिबरऑफिस’ या खिडकीत आवृत्तीशेजारी कॉपीचं बटण असतं, ते दाबून सगळा मजकूर जसाच्या तसा डकवा. एरर आली असेल तर तीही अक्षरशः द्या. तिचा अनुवाद करू नका. मोबाइलनं काढलेला मॉनिटरचा फोटो टाळा, त्यातला मजकूर ना शोधता येतो ना कॉपी करता येतो. अक्षराच्या आकाराचा प्रश्न मात्र चित्राशिवाय समजत नाही. तिथं दोन चित्रं द्या: एक स्क्रीनशॉट, आणि दुसरं कागदावर जाड पेननं स्वतः लिहिलेलं बरोबर अक्षर. मराठी न येणाऱ्यालाही दोन आकृत्यांतला फरक दिसतो.

मूळ काम काय आहे तेही सांगा. लोक विचारतात ‘रफार कसा काढू?’ आणि खरी गोष्ट दहाव्या उत्तरानंतर बाहेर येते, की जुनी यादी कृतीदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होती आणि कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घेतली. हे पहिल्याच ओळीत आलं असतं तर सगळ्यांचे दोन दिवस वाचले असते.

सोबत फाईल जोडाल तर त्या एका शब्दाची जोडा. खरी यादी कधीच नाही. तिच्यात आधार क्रमांक, बँक खाती, मोबाइल नंबर असतात, आणि इथं टाकलेली फाईल जगात कुणालाही उघडता येते. मागाहून पुसली तरी तोवर कुणी उतरवून घेतली, हे कळायला मार्ग नाही.

लिहायचं कसं

‘हेल्प, अर्जंट’ हा मथळा नव्हे. ‘रायटर ७.३, उबुंटू २२.०४: पीडीएफमध्ये ०९३१, ०९४डी, ०९२एफ यांचा रफार होतो’ हा मथळा. खाली पायऱ्या: कोरी फाईल उघडली, हा शब्द टाकला, हा फॉन्ट लावला, पीडीएफ काढली. मग काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालतं. आधी मराठीत छोटी वाक्यं लिहा, मग एकेक इंग्रजीत आणा. ‘रिस्पेक्टेड सर’ नको, अर्जाची भाषा नको. सुरुवातीला नमस्कार आणि शेवटी आभार, एवढं पुरे.

सगळं आधी टेक्स्ट फाईलमध्ये लिहून सेव्ह करा. लाईन जायचीच, आणि ब्राउझरमध्ये लिहिलेलं तिच्यासोबत जातं.

कधी आणि कुठं

‘कसं करू’ हा प्रश्न प्रश्नोत्तरांच्या जागी. ‘हे चुकीचं होतंय आणि मी दाखवू शकतो’ हे बगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या, नोंदवहीत, तेही तिथं तशीच नोंद आधीपासून नाही हे पाहून आणि नव्या आवृत्तीवर तपासून. घाईचं असेल तर चॅट, पण आयआरसी या जुन्या चॅटवर तुमचं नेट तुटलं की मधली उत्तरं हरवतात. टॉवर धड नसलेल्या गावात मॅट्रिक्स हे नवं चॅट बरं, तिथं संदेश राहतात. रात्री आठला लिहिलंत तर युरोपात दुपार आणि अमेरिकेत सकाळ असते, म्हणजे माणसं जागी सापडतात. पुढचा तास-दोन तास हाताशी राहा, कारण पहिलं उत्तर बहुधा उलट प्रश्नच असतो.

एखाद्याला गाठून खासगी संदेश पाठवू नका. तोच प्रश्न चार ठिकाणी टाकू नका, टाकलाच तर बाकीच्या जागांचे दुवे द्या. दोन-तीन दिवस उत्तर आलं नाही तर ‘कोणी आहे का?’ विचारण्यापेक्षा नवी माहिती जोडा, दुसऱ्या मशीनवर काय झालं ते लिहा. उत्तर तुटक वाटलं तर मनाला लावून घेऊ नका, ते तसंच लिहितात. ‘डुप्लिकेट’ म्हणून नोंद बंद झाली तर त्यांनी दिलेली जुनी नोंद उघडा, उपाय बहुतेक तिथंच असतो. ‘माहिती हवी’ अशी खूण लागली तर चेंडू तुमच्याकडे आहे. महिनोन्महिने गप्प राहिलात तर नोंद बंद होते.

सुटल्यावर नुसतं ‘सॉल्व्हड, थँक्स’ लिहून पळू नका. काय केलं ते लिहा: ‘०९३० च्या जागी ०९३१ टाकला, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे, डी, स्लॅश.’ आणि त्यात ‘शेतकर्यांची’ हा चुकलेला शब्दही देवनागरीत राहू द्या. शेजारच्या गावचा ऑपरेटर पुढच्या हंगामात नेमकं तेच टाइप करून शोधणार आहे.