घरच्या घरी फायबरग्लासचा स्नेअर ड्रम: साच्यापासून बेअरिंग एजपर्यंत

१४ इंची स्नेअरचा (खाली तारा लावलेल्या ड्रमचा) शेल, म्हणजे त्याची गोल पोकळ भिंत, १४ इंचाचा नसतो, हे मला पहिला शेल पूर्ण बनवून झाल्यावर कळलं. टेप लावून बरोब्बर ३५५.६ मिमी बाहेरचा व्यास ठेवला होता, चकाकी पण झकास आलेली, आणि हेड (वाजवायचा पडदा) काही केल्या बसेना. हेडची रिंग शेलवर सैल बसली पाहिजे, दोन बोटांनी फिरवली तर गोल फिरली पाहिजे, म्हणून बाहेरचा व्यास साधारण ३५२ मिमी ठेवतात. आता ४ मिमी जाडीची भिंत दोन्ही बाजूंनी पावणेदोन-पावणेदोन मिमी घासायची म्हणजे जवळपास अर्धी भिंतच गेली की. तो शेल आता कागदाच्या सुरळ्या ठेवायला वापरतो. तर तुम्ही आधी हेड आणून ठेवा, ते मोजा, मगच साच्याला हात लावा.

मटेरियलबद्दल लोक फार वाद घालतात. काचेच्या कापडाचे, म्हणजे फायबरग्लासचे, ड्रम १९६० च्या दशकापासून बाजारात आहेत, फायब्स कंपनी त्यासाठीच ओळखली जायची. लडविगचे १९७२ मध्ये आलेले पारदर्शक व्हिस्टालाइट लोक यातच धरतात पण ते नुसतं अ‍ॅक्रिलिक, त्यात कापड नाही, त्यामुळे ते आपल्या कामाचं उदाहरण नाही. कार्बन फायबरचं कापड दिसायला भारी, त्याच वजनात खूप कडक, पण पहिल्या ड्रमला कार्बन घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. एकतर काळ्या कापडात रेझिन (कापड भिजवून नंतर कडक होणारा द्रव) नीट मुरलंय की कोरडा डाग राहिलाय ते दिसत नाही, काच मात्र भिजली की पारदर्शक होते आणि चूक लगेच डोळ्याला दिसते. दुसरं म्हणजे कार्बनमधून वीज वाहते, अ‍ॅल्युमिनियमचे लग (हेड ताणायचे स्क्रू ज्यात बसतात ते शेलवरचे तुकडे) थेट त्याला टेकले तर ओलाव्यात ते अ‍ॅल्युमिनियम गंजत जातं, मग मध्ये नायलॉन वॉशर नाहीतर काचेचा एक थर द्यावा लागतो. आणि खरं सांगायचं तर बेअरिंग एज, म्हणजे हेड जिथे टेकतं ती शेलची कड, वेडीवाकडी असेल तर कार्बन काय आणि काच काय, दोन्ही सारखेच भिकार वाजतात.

रेझिन एपॉक्सी घ्या. पॉलिएस्टर स्वस्त असतं पण त्याचा स्टायरीनचा वास घरात नको होतो आणि ते सुकताना जास्त आक्रसतं. एक गोष्ट लक्षात ठेवा, चटईसारखी जी चॉप्ड मॅट मिळते तिच्यातला डिंक बहुतेक वेळा स्टायरीनमध्येच विरघळतो, एपॉक्सीत ती मॅट कडकच राहते आणि गोलाईत नीट बसत नाही, म्हणून विणलेलं कापडच आणा, ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) बरं पडतं.

हिशोब असा. ३०० जीएसएम कापड हाताने लावलं आणि कापडाइतकंच रेझिन गेलं तर एक थर साधारण ०.३७ मिमी होतो, म्हणजे ४ मिमीसाठी ११ थर. शेल साडेसहा इंच उंच करायचा तर तयार उंची १६५ मिमी, पण दोन्ही बाजूंना १० मिमी कापायला सोडून पट्ट्या १८५ मिमी रुंद कापायच्या. सगळं मिळून कापड ७०० ग्रॅमच्या आसपास, रेझिन तेवढंच, पण ब्रश आणि भांडी काय पितात ते धरून ८५० ग्रॅम तयारीत ठेवा.

आता साचा. पाइपवर बाहेरून कापड गुंडाळायची पद्धत सोपी वाटते पण त्यात आतला व्यास हातात राहतो आणि बाहेरचा नशिबावर, आणि आपल्याला हवाय बाहेरचा. म्हणून आतून थर लावायचा साचा करायचा. १८ मिमी प्लायच्या तीन रिंगा कापायच्या, आतला व्यास ३५४ मिमी, प्रत्येक रिंग दोन अर्ध्या तुकड्यांत जी बोल्टने जोडता येईल, आणि आत १ मिमीची गुळगुळीत सनमायका चकचकीत बाजू आत करून गोल बसवायची, लांबी ११०९ मिमी, उंची २०० मिमी. वळवताना करकर आवाज आला तर जबरदस्ती करू नका, मागून हॉट एअर गनने थोडं गरम करत वळवा. जोडाची फट मेणाने बुजवून ब्लेडने साफ करा, तिथे शेलवर एक बारीक रेघ येणारच, ती नंतर घासता येते. मग साचा उभ्या-आडव्या चार दिशांनी मोजा. चारही मापं अर्ध्या मिमीच्या आत जुळली नाहीत तर पुढे जायचंच नाही, रिंगांमध्ये पत्र्याचे तुकडे सारून जुळवा, कारण शेल अंडाकृती झाला की त्याला नंतर काही इलाज नसतो.

रिलीज वॅक्सचे (शेल साच्याला चिकटू नये म्हणून लावायचं मेण) पाच-सहा हात द्यायचे, प्रत्येक हात वाळवून पुसायचा, वरून पीव्हीएचा (वाळून पापुद्रा धरणारा द्रव, तोही शेल सुटायलाच) एक पातळ हात. इथे आळस केला तर शेल आणि साचा एकच वस्तू होते.

थर लावायच्या आधी सगळ्या पट्ट्या कापून, नंबर टाकून, ओळीने ठेवा. हातात चिकट हातमोजे घालून कात्री शोधायला लागलात की झालंच कल्याण. पट्ट्या घेरापेक्षा २० मिमी जास्त लांब ठेवायच्या म्हणजे टोकं एकावर एक येतील, आणि आत जाल तसा घेर कमी होतो म्हणून प्रत्येक पुढची पट्टी आधीच्यापेक्षा सव्वादोन मिमी आखूड. प्रत्येक थराचा जोड आधीच्या जोडापासून १०० मिमी पुढे सरकवायचा, ११ थरांत बरोबर एक फेरी पूर्ण होते आणि जोडांची जाडी सगळीकडे सारखी वाटली जाते. दर तिसरा थर तिरका कापलेला, म्हणजे धागे ४५ अंशात. तिरकी पट्टी ओली झाली की रबरासारखी ताणते, तिला ओढायचं नाही, ठेवून नुसतं थोपटायचं.

एपॉक्सी वजनकाट्यावरच मोजा. पॉलिएस्टरला हार्डनर थोडा कमी-जास्त केला तर फक्त सुकायचा वेग बदलतो, एपॉक्सीत तसं चालत नाही, प्रमाण चुकलं की आयुष्यभर चिकट राहतं. एका वेळी १५० ग्रॅमच कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता, खोल मगात ठेवलं तर आपल्याच उष्णतेने तापून धूर काढतं, मी एकदा बादली घेऊन अंगणात पळालोय. खोली २२ ते २८ अंश असेल तर उत्तम.

एका दमात तीन-चार थर. आधी साच्याला रेझिन, मग कापड, ब्रशने टोचत भिजवायचं आणि रिबवाल्या रोलरने हवा बाहेर काढायची. कापड पारदर्शक झालं की थांबा, अजून रेझिन ओतल्याने मजबुती वाढत नाही, उलट वजन वाढून शेल ठिसूळ होतो. आणि ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती: साचा आडवा ठेवून दर दहा मिनिटांनी पाव फेरा फिरवत राहा, रेझिन घट्ट व्हायला लागेपर्यंत, नाहीतर सगळं ओघळून एका बाजूला साचतं आणि भिंत तिथे जाड होते. पुढचे थर बोटाला चिकटतंय पण बोटावर येत नाहीये अशा वेळी लावले की छान धरतात. दुसऱ्या दिवसावर गेलं तर वर मेणचट थर आलेला असतो तो पाण्याने आणि स्क्रबरने धुवायचा, मग ८० नंबरने घासायचं, मगच पुढचा थर. शेवटच्या थरावर पील प्लाय (सुकल्यावर सोलून काढायचं कापड) लावून ठेवलं की आतून घासायचं निम्मं काम वाचतं. वरच्या-खालच्या कडेला आतून २५ मिमी रुंदीचे तीन-चार जादा थर द्या, बेअरिंग एज कापायला अंग मिळतं.

२४ तास हात लावू नका. शक्य असेल तर साच्यातच ठेवून खोक्यात हळूहळू ५०-६० अंशांपर्यंत काही तास गरम करा, नाहीतर उन्हात बंद गाडीत ठेवलेला ड्रम मऊ पडून आकार सोडू शकतो. पूर्ण ताकद यायला आठवडा जातो.

घासायच्या आधी सुरक्षेचं, कारण इथेच लोक हलगर्जी करतात. काचेची धूळ फुफ्फुसाला वाईट, अंगाला तर विचारूच नका, त्यामुळे चांगला पार्टिक्युलेट मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या, मनगटाला टेप, आणि जमेल तितकं पाणी लावून घासा. हातमोजे नायट्राइलचे. अंगावर एपॉक्सी लागलं तर थिनरने पुसू नका, त्याने ते कातडीत अजून आत जातं, साबण-पाण्याने धुवा. एपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा लागली की जात नाही, मग हा छंदच सोडावा लागतो.

आता कड, आणि निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल. सरळ कडेचा कागद शेलभोवती असा गुंडाळा की त्याची दोन्ही टोकं एकमेकांवर तंतोतंत येतील, ती रेघ काटकोनात असते, तिच्यावर टेप लावून डायमंड डिस्कने कापा. मग १०-१२ मिमी जाड काच टेबलावर, तिच्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून शेल इंग्रजी आठच्या आकारात घासायचा, आणि दर थोड्या वेळाने शेल थोडा फिरवून धरायचा कारण प्रत्येकाचा एक हात जास्त दाबतो. कडेवर पेन्सिलने रेघोट्या मारा, जिथे रेघ उरते तो खड्डा. मग १८०, मग ३२०. शेवटी खोलीत अंधार करून शेल काचेवर ठेवा, आत दिवा लावा, खालून कुठेही उजेडाची चीर दिसता कामा नये.

४५ अंशाचा उतार आतून काढायचा, टोक बाहेरच्या बाजूपासून साधारण १ मिमी आत. राउटर असेल तर कार्बाइड बिट, साधं हायस्पीड स्टील काचेत एका फेरीत बोथट होतं. टोक धारदार राहिलं तर आवाज तेज आणि लांब, गोल केलं तर ऊबदार आणि आखूड. पण ब्लेडसारखं मात्र ठेवू नका, काच-एपॉक्सीची कड कपची उडते आणि हेड कापते, अर्धा मिमी तरी गोलवा हवाच, आणि वरून एपॉक्सीचा पातळ हात देऊन उघडे धागे बंद करा.

खालच्या कडेला समोरासमोर स्नेअर बेड (तारा हेडला नीट टेकाव्यात म्हणून कडेला दिलेले खोलगट भाग), मध्ये २ मिमी खोल, ८०-१०० मिमी रुंदीत हळूहळू वर येणारे. अर्धगोल कानशीने करा, एक एक घास बघत. ते दोन लगांच्या बरोबर मध्ये यायला हवेत, म्हणजे आधी लग आखा. घेर ११०६ मिमी, दहा लगांना ११०.६, आठ लगांना १३८.२. आठच असतील तर मोजूही नका, घेराएवढी कागदाची पट्टी तीनदा दुमडली की आठ भाग तयार.

भोकं पाडताना बाहेर टेप, आत लाकडाचा ठोकळा घट्ट दाबून, आधी ३ मिमी मग हवं ते माप. आत ठोकळा नसेल तर शेवटच्या क्षणी थर सुटून पांढरा डाग पडतो. हवेचं भोक १२ मिमी पुरे.

हेड चढवून समोरासमोरच्या जोड्यांनी ताण द्या. आठवडाभर वाजवा आणि मग वरचं हेड काढून उजेडात धरा. कडेची गोल रेघ त्यावर उमटलेली असते. जिथे ती पुसट किंवा तुटक आहे ती जागा शेलवर पेन्सिलने खुणावा, तिथे कड खाली आहे, म्हणजे पुन्हा काचेवर ३२० नंबर.