अमेरिकेतलं उपकरण सांगलीच्या सॉकेटला लावण्याआधी

मुलगा-सून अमेरिकेहून येताना कॉफी मेकर, हेअर ड्रायर, राइस कुकर घेऊन येतात. पिन बसत नाही म्हणून शंभर रुपयांचा अडॅप्टर आणला जातो. तो फक्त पिनेचा आकार बदलतो. व्होल्टेज २३०च राहतं.

आधी उपकरण उलटं करून नेमप्लेट वाचा. ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर अडॅप्टर पुरे. लॅपटॉप आणि मोबाइलचे चार्जर बहुतेक असेच असतात. नुसतं ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असेल तर थांबा.

गरम होणाऱ्या वस्तूत व्होल्टेज दुप्पट झालं की वॉट चौपट होतात. ९०० वॉटचा कॉफी मेकर २३० व्होल्टवर सुमारे ३३०० वॉट ओढू पाहतो. करंट होतो १४ अँपिअर, म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी (करंट मर्यादेपलीकडे गेला की आपोआप पडणारा स्विच) पडणारच नाही आणि कॉइल जळेल. एमसीबी वायरिंग वाचवतो, कॉफी मेकर नाही.

उपाय म्हणजे २३०चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. गरम होणाऱ्या वस्तूसाठी तिच्या वॉटपेक्षा तीसेक टक्के मोठा घ्या, मोटरसाठी दुप्पट ते तिप्पट, कारण मोटर सुरू होताना जास्त करंट खेचते. वरच्या कॉफी मेकरला १५०० व्हीएचा (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता) ठीक. तो पूर्ण लोडवर साडेसहा अँपिअर घेतो, म्हणून १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा आणि अर्थिंगची पिन कापू नका. उपकरण जोडण्याआधी मल्टिमीटरने आउटपुट मोजा. काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करा, नाहीतर ट्रान्सफॉर्मर रिकामाच गुणगुणत वीज खातो.

प्रवासात वापरायचे हलके, ‘१६०० वॉट’ लिहिलेले कन्व्हर्टर यासाठी घेऊ नका. त्यातले बरेचसे विजेची लहर नुसती कापतात. साध्या इस्त्रीला ते एकवेळ चालेल, डिजिटल डिस्प्ले असलेल्या वस्तूला नाही.

खेड्यात शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. १८० व्होल्ट आले तर ट्रान्सफॉर्मरमधून ८६च निघतात. तिथे ट्रान्सफॉर्मरच्या आधी स्टॅबिलायझर लावावा.

फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे हर्ट्झचं, मात्र ट्रान्सफॉर्मर काहीच करू शकत नाही. कोयनेची जनित्रं ज्या ५० हर्ट्झवर ग्रिडशी जुळलेली असतात, तेच ५० हर्ट्झ तुमच्या सॉकेटमध्ये येतात. कार्बन ब्रशच्या मोटरला, म्हणजे मिक्सर किंवा ड्रिलला, त्याचं सोयरसुतक नसतं. इंडक्शन मोटरचा पंखा सहाव्या भागाने मंद फिरतो आणि जास्त तापतो. १२० व्होल्ट ६० हर्ट्झसाठी बनलेल्या अशा मोटरला ५० हर्ट्झवर खरं तर १०० व्होल्टच मानवतात, म्हणून १०० व्होल्टचा टॅप (वेगळी जोडणी) असलेला ट्रान्सफॉर्मर मिळाला तर तोच घ्यावा. भिंतीच्या विजेवर वेळ मोजणारं जुनं घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडेल. आत ट्रान्सफॉर्मर असलेला मायक्रोवेव्ह, फ्रिज आणि वॉशिंग मशीन आणायचा विचारच सोडा. आणण्याचं भाडं आणि डोकेदुखी मिळून नवं घेणं स्वस्त.

सगळ्या परदेशात ही भानगड नाही. दुबईत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहेत, फक्त सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं चौकोनी पिनांचं. जपानमध्ये १०० व्होल्ट. तिथे टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका शहराने जर्मन जनित्रं घेतली आणि दुसऱ्याने अमेरिकन.

उलट दिशेने, इथला ७५० वॉटचा मिक्सर अमेरिकेत न्यायचा असेल तर १५०० व्हीएचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागेल. तो जड असतो, तिकडेच घ्या. त्यापेक्षा इथल्या काही कंपन्या निर्यातीसाठी ११० व्होल्टचे मिक्सर बनवतात, ते विचारून बघा. ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलेला मिक्सर फिरेल, पण जोर नसेल. इडलीचं पीठ वाटताना पातं अडलं की मोटर तापून वास येईल.