टायरचे पट्टे बघायला शिकताना (नवीन लोकांसाठी)

फॉरेन्सिकची पोरं आणि इन्शुरन्सच्या तपासाला नवीन लागलेले बरेच जण विचारतात की अपघाताच्या जागी टायरच्या खुणा बघायच्या कशा, म्हणून लिहितोय. मी नागपूरकडचीच कामं करतो, वर्धा रोड, हिंगणा, आउटर रिंग रोड वगैरे.

गेल्या गेल्या टेप काढू नका. आधी पट्ट्याची, म्हणजे ब्रेक मारल्यावर घसरत्या टायरने रस्त्यावर पडलेल्या खुणेची, सुरुवात शोधा. ब्रेकने चाक लॉक झालं, म्हणजे फिरायचं थांबलं, तरी टायर तापून काळा डाग पडायला थोडं अंतर जातं, त्यामुळे पहिले काही मीटर नुसती सावली पडल्यासारखी असतात आणि उभ्याने बघितलं तर दिसतच नाहीत. काळ्या भागाच्या मागे जा, गुडघ्यावर बसा, पट्ट्याच्या रेषेत डोळा न्या, मग दिसतं. सकाळचं तिरपं ऊन बेस्ट, मे महिन्यात दुपारी तसंही कोण बसून राहिलं तिथं! रात्री टॉर्च जमिनीला लावून आडवा धरा.

एवढा आटापिटा कशाला, तर हिशोब बघा. सपाट रस्त्यावर २५४ गुणिले घर्षणाचा आकडा गुणिले पट्ट्याची लांबी मीटरमधे, त्याचं वर्गमूळ काढलं की ताशी किलोमीटर येतात. कोरड्या डांबराला ०.७ धरलं आणि नुसता काळा ३० मीटर मोजला तर ७३, फिके ६ मीटर धरले तर ८०. आणि हा पण कमीत कमी वेग, कारण धडकेत जी ताकद गेली ती यात नाहीच.

पट्टा वळलेला असेल आणि आत तिरप्या बारीक रेघा असतील तर हे सूत्र लावूच नका, तिथं चाक फिरत होतं आणि गाडी आडवी घसरत होती, त्याला वळणाची त्रिज्या काढावी लागते. सरळ पट्टा मधेच झटक्यात बाजूला सरकलेला दिसला तर धडकेच्या क्षणी ते चाक तिथं होतं, त्याला आधी खडूने गोल करा, फोटो घ्या, कारण क्रेनवाला आला की गाडी ओढताना स्वतःच्या खुणा पाडून जातो.

आणखी एक, पट्टा नाही म्हणजे ब्रेक मारलाच नाही असं रिपोर्टमधे लिहू नका भाऊ. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणारे ब्रेक) गाडीचा पट्टा फिका, तुटक असतो, कधी दिसतही नाही. रिकाम्या ट्रेलरचा पण तुटक पडतो, पण काळा, चाक उड्या मारतं ना, त्या मधल्या छोट्या गॅप लांबीतून वजा करायच्या नाहीत. ड्रायव्हरने ब्रेक सोडून परत दाबला असेल तर गॅप मोठी असते, ती मात्र वजा करायची.