‘शाहू महाराजांवर काहीतरी द्या ना, सर’ : वाचनालयात तरुणांना माहिती कशी शोधून द्यावी

कोल्हापूरचे 1850 पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर असो की पेठेतले दोन कपाटांचे वाचनालय, कॉलेजची मुले टेबलापाशी येतात ती मोबाइल हातात घेऊनच. माहिती ढीगभर असते, घोडे अडते ते खरी कोणती यावर. म्हणून मागणी ऐकताच कपाटाकडे धावू नका.

आधी विचारा: कशासाठी हवे, किती पाने लिहायची, कधी द्यायचे? ‘शाहू महाराज’ म्हणजे आरक्षण, राधानगरी धरण की कुस्ती, हे बोलता बोलता कळते. समजा, आरक्षण ठरले.

आता शोध त्यालाच घेऊ द्या, तुम्ही शेजारी बसा. नुसते ‘शाहू’ टाकले की साताऱ्याचे छत्रपती शाहूही येतात. ‘राजर्षी शाहू कोल्हापूर आरक्षण 1902’ असे टाकायला सांगा. हाच घोळ आपल्या ग्रंथसूचीतही असतो. नावापुढे 1874–1922 अशी सनावळी घातली की मिटतो.

खरा वेळ पडताळणीला द्या. जयंती 26 जूनला, आरक्षणाचा आदेश मात्र 26 जुलै 1902 चा; तारीख एकच असल्याने महिना हमखास चुकतो. 50 टक्के राखीव होत्या त्या रिकाम्या होणाऱ्या जागा, सगळ्या नोकऱ्या नव्हेत. चॅटबॉटच्या गोळीबंद उत्तरात नेमका असा शब्द गळू शकतो. आदेशाचा मूळ मजकूर छापलेले पुस्तक समोर ठेवा आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लावा. दोन वेबसाइटवर शब्दशः तेच वाक्य असेल, तर तो पुरावा एकच धरावा.

पीडीएफमध्ये शब्द शोधून काहीच सापडले नाही, तरी ‘पुस्तकात नाही’ म्हणू नका. जुने स्कॅन म्हणजे नुसती चित्रे, तर काही फायली युनिकोड (संगणकावर अक्षरे साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत) येण्याआधीच्या फाँटमधल्या. त्यांत देवनागरी शोध चालत नाही. अनुक्रमणिका आणि शेवटची सूची बघा.

फोटो काढताना पहिला शीर्षकपानाचा, दुसरा आवृत्तीचे साल असलेल्या पानाचा, मग हवी ती पाने, पृष्ठांकासकट. नाहीतर घरी गेल्यावर कुठले पान कुठल्या पुस्तकातले, हे कळत नाही.

टेबलावर शंभरपानी वही ठेवा: तारीख, प्रश्न, काय दिले, काय मिळाले नाही. पुढच्या खरेदीची यादी त्या शेवटच्या रकान्यातूनच करा.