सुई ढकलू नका, वळवा

ज्येष्ठ लागला की माझ्या पुण्यातल्या ओपीडीत हमखास प्रश्न येतो: "मॅडम, यंदा दिवे घाट चढता येईल का हो?" विचारणाऱ्याची कळ कुल्ल्यातून निघून पोटरीवरून पायाच्या अंगठ्यात उतरलेली असते. मणक्यांमधली गादी सरकून एल-फाइव्हची, म्हणजे कमरेच्या पाचव्या मणक्याखालून निघणारी नस दबलेली. या नसेपाशी स्टिरॉइडचं इंजेक्शन देताना शिकाऊ डॉक्टरांना मी जे सांगते, तेच इथे लिहिते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जंतुसंसर्ग, साखर यांची चौकशी आधीच करा. पेशंट पालथा, पोटाखाली उशी. भूल फक्त कातडीला. गाढ झोपवू नका. सुई नसेला लागली तर सांगणारा तोच आहे.

सी-आर्म, म्हणजे फिरवता येणारं एक्स-रे यंत्र, साधारण २० ते ३० अंश तिरपं केलं की मणक्याच्या चित्रात कुत्र्यासारखा आकार, स्कॉटी डॉग, दिसतो. त्याचा डोळा म्हणजे पेडिकल, मणक्याचा पुढचा आणि मागचा भाग जोडणारा हाडाचा खांब. त्याच्या लगेच खाली, घड्याळात सहाचा आकडा असतो तिथे जायचं. एल-फाइव्हला कमरेचं हाड आड येतं, म्हणून वाट अरुंद.

सुई २२ गेजची, साडेतीन इंची. टोकाचा अर्धा-पाऊण सेंटिमीटर भाग निर्जंतुक गॉजमध्ये धरून हलकासा वाकवा, तिरप्या कापाच्या उलट बाजूला. आता हबवरची, म्हणजे सुईच्या मागच्या मुठीवरची, खाच बघा. खाच जिकडे, काप तिकडे, आणि सुई सरकते त्याच्या विरुद्ध. डावीकडे जायचंय? खाच उजवीकडे करा. हे नुसतं पाठ करून भागत नाही. फोमच्या तुकड्यात पन्नासदा टोचून बघा, बोटांना कळलं पाहिजे. वाट चुकली तर दांडा दाबून टोक वळत नाही, नुसते स्नायू ओढले जातात. थोडी मागे घ्या, खाच फिरवा, परत पुढे.

शिकत असताना मी एकदा समोरून घेतलेल्या एक्स-रे चित्रावरच विसंबून सुई पुढे नेत राहिले. त्या मावशी किंचाळल्या, "पायात करंट गेला!" तो आवाज अजून कानात आहे. सुई किती खोल गेली ते लॅटरलवरच, म्हणजे बाजूने घेतलेल्या चित्रावरच कळतं. करंट आला की थांबा, सुई जरा मागे घ्या. तिथे औषध कधीच सोडू नका.

मग एक मिलिलिटरच्या आत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव, तोही स्क्रीन चालू ठेवून. नसेच्या कडेने रेघ उमटून पेडिकलच्या आतल्या बाजूने वर चढली तर जागा बरोबर. दिसता दिसता वाहून गेला तर सुई रक्तवाहिनीत आहे, सिरिंजमध्ये रक्त आलं नसलं तरी. स्टिरॉइडचे कण मज्जारज्जूच्या धमनीत अडकले तर पाय कायमचे जाऊ शकतात. २०१४ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अशा दुर्मिळ पण गंभीर धोक्यांचा इशारा दिला. म्हणून मी इथे कण नसलेलं स्टिरॉइड, डेक्सामेथासोनच वापरते, तेही सावकाश.

नंतर तासभर झोपवून ठेवा आणि पाऊल वर उचलायला सांगा. उचललं तरी त्या दिवशी स्कूटी चालवू देऊ नका. घरी रिक्षाने, सोबत कुणीतरी हवंच.