जुन्या कर्जाचा फोन आला तर घाईनं पैसे टाकू नका

कापसाचा चुकारा खात्यात पडला, की कधीचं विसरलेलं कर्ज काढून वसुलीवाला फोन करतो, ‘निदान पाचशे तरी टाका.’ टाकू नका. बिनतारण कर्जासाठी कोर्टात दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षं असते. मुदतीत थोडे पैसे भरून किंवा ‘देणं मान्य’ असं सही करून दिलं, तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. मुदत संपल्यावर ‘देतो’ असं लिहून दिलं तरी नवं बंधन पडतं. वावर गहाण असेल तर हिशेब वेगळा. सातबाऱ्यावरचा बोजा आधी पाहा.

फोनवर एवढंच म्हणा, ‘भाऊ, कर्जाचा उतारा आणि तुमचं अधिकारपत्र पोस्टानं पाठवा.’ ओटीपी अजिबात देऊ नका. देणं खरं निघालं तर भरणा थेट बँकेत करा, पावती घ्या.

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. त्रास झाला तर बँकेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८.

कोर्टाचा समन्स मात्र बाजूला ठेवू नका. तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. बायकांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.